सीझन उतरल्यावर

मे महिन्यात माझ्या हातांना
खसचा आणि ग्रीसचा वास असतो.
सक्करदऱ्यापासून उमरेड रोडपर्यंत
कुणाच्या तरी गच्चीवर कुणाचा तरी कूलर
पाणी ओढत नसतो, आणि फोन मला येतो.
"गभणे भाऊ, पंप बसला."
"गभणे भाऊ, पंखा नुसता हूं हूं करून रायला."
पंचेचाळीस डिग्रीत सुटी घेणारा कूलरवाला
नागपुरात अजून जन्माला यायचा आहे.

म्हणून आमची उन्हाळ्याची सहल
उन्हाळ्यात निघत नाही.

प्रांजलनं यंदा मनावर घेतलंय.
रात्री गच्चीवर पाणी शिंपून गाद्या टाकल्या
की ती गेल्या सालचं कॅलेंडर उलटं पसरते.
चार कोपऱ्यांवर माझे चार पाने,
आणि मधून तिचा रस्ता:
बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा,
पैनगंगा ओलांडली की पाट्यांवरची अक्षरं गोल होतात,
आदिलाबादला चहा, निर्मलला डबा,
आणि हैदराबादच्या जवळ कुठेतरी
लाल स्केचपेननं काढलेला, स्वतःलाच वेढे घातलेला रूळ.
"पाचशे किलोमीटर, बाबा. पहाटे चारला निघायचं.
हेमराजमामाची व्हॅन. एसी नाही तिला."
कूलरवाल्याच्या पोरीनं हे सांगावं
आणि कूलरवाल्यानं मान डोलवावी.

तारीख तिनंच काढली.
सोळा जून: माझे फोन मंदावलेले असतात
आणि विदर्भातल्या शाळा अजून उघडलेल्या नसतात.
त्या दहा दिवसांच्या फटीत
तिनं आम्हा चौघांना बसवलंय,
पाण्याचा कॅनही.

वैजयंतीनं हिशेब केला.
चार तिकिटं म्हणजे मोटार-पंपासकट एक अख्खा कूलर.
"अन् बसून काय, तर ओरडायचं," ती म्हणाली.
"ते तर घरीच फुकटात होते."

मग मोबाइलवर व्हिडिओ.
पोरगी किंचाळणारी माणसं पाहते,
मी पाहतो डब्याखालची साखळी.
किती एचपीची मोटार असेल? गिअर कुठला? ग्रीस कोण करतं?
तीनदा मागे नेऊन पाहिलं तेव्हा ध्यानात आलं:
मोटार फक्त वरपर्यंत.
टोकाला साखळी सोडून देते, आणि पुढचं सगळं
आपापल्या वजनावर.
प्रांजलला सांगितलं तर म्हणे,
"बाबा, तुम्ही मजा घालवून रायले."

एक अडचण राहिलीय.
एकशे चाळीस सेंटिमीटर.
त्याहून बुटक्याला त्या लाल रुळावर घेत नाहीत.
ती रोज संध्याकाळी दाराच्या चौकटीला पाठ लावते,
टाचा टेकवून, श्वास ओढून,
आणि मी दुकानाचा लोखंडी टेप काढतो.
एकशे साडेअडतीस.
"नीट पाहा ना."
टेप जरा ढिला धरला असता तर जमलं असतं,
कुणाला कळलं नसतं, तिला तर नाहीच.
पण तिकडच्या दारावरची पट्टी माझी नाही.
"साडेअडतीस," मी म्हणालो.
तिनं कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून घेतलं,
खाली "अजून चोवीस दिवस",
आणि त्याखाली, बारीक अक्षरात, "जाड मोजे?"

काल मानेवाड्यात तिसऱ्या मजल्यावर
डोक्यावर कूलर घेऊन चढलो.
लिफ्ट नव्हती. वर पोचलो तर लोखंडी दार उघडं
आणि झळ अशी, की कुणी भट्टीत तोंड घातल्यागत.
तरी टाकीच्या सावलीत क्षणभर उभा राहिलो.
खाली अख्खं नागपूर कूलरच्या पेट्यांचं,
प्रत्येकात माझ्यासारख्याच कुणाची तरी गाठ मारलेली वायर.

रात्री पोरगी झोपली.
वैजयंती कॅलेंडर गुंडाळत होती, गुंडाळता गुंडाळता थांबली.
"तिथं वर," तिनं विचारलं,
"एकदम टोकाला गेल्यावर, थांबते का ते थोडं?"
"थांबते. क्षणभर."
"वारा असल."
"असल ना."
तिनं रबर लावलं, सुरळी उशाशी ठेवली.
"मंग बसतो मी," म्हणाली.
"उतरताना डोळे मिटून घेईन."